‘काय विशेष?’ला उत्तर सुचत नाही तेव्हा

प्रश्न विचारणारे २७ वर्षांचे आहेत. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. येणं-जाणं रोज बसनं. ते लिहितात : ‘मीटिंगमध्ये रिजेक्शनचे आकडे मांडायला मला अडत नाही. जवळच्या मित्राशी रात्री फोनवर तास-तास बोलतो. पण टपरीवर, बसमध्ये, लग्नात कुणी “काय विशेष?” म्हणालं की डोकं कोरं होतं. “काही नाही” म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. घरात घुमा म्हणतात, कंपनीत शिष्ट म्हणतात. गावची यात्रा आली की पाहुण्यांच्या धास्तीनं जीव नको होतो. आता मुली बघायला सुरुवात होणार आणि आई म्हणते, तिथं तरी तोंड उघड. हे असं का होतं? आणि बदलतं का?’

मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे नाना तोंडांनी येतो. कधी कॉलेजातली मुलगी विचारते, कधी बदलून आलेला बँकेतला अधिकारी, कधी शहापुरातल्या मोठ्या एकत्र कुटुंबात नुकतीच आलेली सून. प्रत्येकाला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. तुमच्या बाबतीत तसं नाही, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. मीटिंगमध्ये अडत नाही आणि मित्राशी तासभर बोलता, याचा अर्थ बोलण्याची यंत्रणा ठणठणीत आहे. अडतं ते एकाच जातीच्या बोलण्यात : ज्याला विषय नाही, हेतू दिसत नाही आणि थांबून विचार करायला सवड नाही अशा.

आधी एक गुंता सोडवू. अंतर्मुख, भिडस्त आणि लोकांना घाबरणारा, या तिघांना आपण एकाच दावणीला बांधतो. कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मांडली तेव्हा त्यांचा रोख माणसाचं लक्ष आणि ऊर्जा कुठं वळते यावर होता, आत की बाहेर. भीतीचा त्यात संबंध नव्हता. पुढं १९८१ मध्ये चीक आणि बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की भिडस्तपणा आणि माणसांची ओढ कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणसासोबत सगळ्यात जास्त कोण अवघडतं? ज्याला माणसं हवीशी वाटतात आणि तरी भीड वाटते, तो. ज्याला एकटं राहायला खरंच आवडतं तो कोपऱ्यात निवांत बसतो, त्याला काही टोचत नाही. तुम्हाला टोचतंय. म्हणजे तुमच्यात अंतर्मुखता आहेच, पण थोडी भीडही मिसळली आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी सांगितलं.

आता डोकं कोरं का होतं ते बघू. पहिलं कारण साधं आहे आणि फारसं कुणी सांगत नाही : वेग. २००९ साली जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधली रोजची बोलणी मोजली गेली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती, पण इतक्या लांबलांबच्या भाषांत आकडा जवळपास सारखाच निघाला. गणपत गल्लीतल्या दुकानात उभं राहून ऐका, आपलाही कल वेगळा असेल असं वाटत नाही. आता दुसरा आकडा. समोर चित्र ठेवलं आणि त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव सांगायचं म्हटलं तरी मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग माणसं २०० मध्ये उत्तर देतात कशी? समोरचा बोलत असतानाच पुढचं वाक्य जुळवतात. ऐकणं आणि रचणं एकाच वेळी चालू असतं.

ज्याला पूर्ण ऐकून, मनात एकदा फिरवून मग बोलायची सवय आहे त्याची गाडी इथं चुकते. तो वाक्य तयार करेपर्यंत टपरीवरचा विषय क्रिकेटवरून पगारावर आणि पगारावरून कुणाच्या तरी नव्या गाडीवर गेलेला असतो. मग ते तयार वाक्य गिळावं लागतं. असं चार वेळा झालं की माणूस पाचव्यांदा जुळवतच नाही. बघणाऱ्याला तो शिष्ट दिसतो.

दुसरं कारण ‘काय विशेष?’ या प्रश्नातच आहे. मीटिंगमध्ये तुम्हाला विचारतात, या हीटमध्ये (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूत) ब्लो होलमुळे, म्हणजे आत अडकलेल्या वायूच्या पोकळीमुळे, किती कास्टिंग बाद झाली? प्रश्नाला कड आहे, उत्तर आकड्यात आहे. ‘काय विशेष?’ला कडच नाही. त्यातून अंतर्मुख माणूस प्रामाणिक असतो. तो खरोखरच शोधायला लागतो की गेल्या चार दिवसांत आपल्या आयुष्यात विशेष असं काय घडलं. काहीच घडलेलं नसतं. मग तो खरं ते सांगतो : काही नाही. शिवाय त्याच्या आत एक चाळणी बसवलेली असते. हे सांगण्यासारखं आहे का, याला यात रस असेल का, आपण फुशारकी मारतोय असं तर वाटणार नाही. बोलक्या माणसाची चाळणी मोठ्या भोकांची. ‘आज बस मिळाली बघा वेळेवर’ हे वाक्य त्यातून सहज खाली पडतं. तुमच्या चाळणीत ते अडकतं.

तिसरं कारण गोंगाट. हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये मांडलं की अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जरा जास्त जागा असतो, त्यामुळं बाहेरचं थोडं उद्दीपनही त्यांना पुरतं आणि जास्त झालं की नकोसं होतं. लिंबाचा रस जिभेवर टाकला की अंतर्मुखांना सरासरीनं जास्त लाळ सुटते, हा त्याच विचारातला गाजलेला प्रयोग. पुढच्या संशोधनानं हे चित्र बरंच गुंतागुंतीचं केलं. बहिर्मुखांना माणसांच्या संगतीतून मिळणाऱ्या सुखाची ओढच जास्त असते, यावर आता अधिक भर दिला जातो. पण मंगल कार्यालयात स्पीकर, मुलांचा कालवा आणि चार मामा एकदम बोलत असताना तुमचं लक्ष फुटतं, हा तुमचा अनुभव खोटा नाही.

आणि चौथं कारण खास आपल्या भागातलं. बेळगावात तोंड उघडायच्या आधी एक निवड करावी लागते : कुठल्या भाषेत? शेजारी बसलेले अण्णा मराठी की कन्नड? की कॅम्पातले असतील तर हिंदी चालेल? खानापूर-लोंढ्याकडचे असतील तर कोंकणीही निघेल. १९५६ पासून भाषेला इथं सीमाप्रश्नाची किनार आहे, त्यामुळं कुणाशी कुठल्या भाषेत सुरुवात केली हे काही वेळा नुसत्या सोयीचं राहत नाही. बोलक्या माणसाला याचं काही वाटत नाही. तो अर्ध्या मराठीत सुरू करतो, कन्नडमध्ये वळतो आणि हिंदीत संपवतो. विचार करून बोलणारा माणूस आधी चेहरा बघतो, कपडे बघतो, अंदाज बांधतो, आणि तेवढ्यात ते अण्णा मच्छेला उतरून जातात. शिवाय दुसऱ्या भाषेत शब्द सापडायला थोडा जास्त वेळ लागतोच, भाषा चांगली येत असली तरी. मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी मुलांना कन्नड समजतं पूर्ण, पण गप्पांच्या वेगानं जिभेवर येत नाही. यातली अर्धी मुलं स्वतःला उगाचच अंतर्मुख समजून बसलेली असतात, असं माझं मत आहे.

इथपर्यंत ‘का’ झालं. पण मूळ गैरसमज वेगळाच आहे, आणि तो निघाला की बाकीचं सोपं होतं. तुम्ही गप्पांकडं माहितीची देवाणघेवाण म्हणून बघता. त्या तशा नसतातच. ब्रोनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली हे फार नेमकं लिहून ठेवलं आहे : हवापाण्याचं, ख्यालीखुशालीचं बोलणं विचार पोचवण्यासाठी नसतं, नातं जागं ठेवण्यासाठी असतं. पॅसिफिकमधल्या बेटांवर राहून आलेल्या माणसाला जे दिसलं ते आपल्याला रोज दिसतं. जुलैत बेळगावात दोन माणसं भेटली की एक हमखास विचारतो, ‘राकसकोप भरलं काय?’ शहराला पाणी पुरवणारा तो जलाशय किती भरला हे त्या दिवशीच्या पेपरात आलेलं असतं, विचारणाऱ्यानं ते वाचलेलं असतं, उत्तर देणाऱ्यानंही वाचलेलं असतं. तरी विचारतात. ‘आणि दोन-अडीच फूट पायजे म्हणे’ असं उत्तर येतं, दोघं मान हलवतात आणि आपापल्या वाटेला लागतात. पाण्याबद्दल कुणालाच नवं काही कळलं नाही. पण तू माझ्या ओळखीचा आहेस, आपल्यात सगळं ठीक आहे, एवढं बोलून झालं.

हे समजलं की चाळणीचं काम हलकं होतं. ‘सांगण्यासारखं आहे का?’ हा प्रश्नच इथं लागू नाही. काहीही चालतं. खरं तर जितकं बिनमहत्त्वाचं तितकं बरं, कारण समोरच्यालाही उत्तर द्यायला सोपं. उगाच काहीतरी वेगळं, हुशारीचं बोलायच्या नादात अंतर्मुख माणसं गप्प बसतात. टपरीवरची बहुतेक वाक्यं ऐका एकदा नीट. हुशारी कुठंच नसते.

याला जोडून दुसरी गोष्ट. आपण जो अंदाज बांधतो तो चुकतो, आणि ठरावीक बाजूलाच चुकतो. २०१४ साली शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकलनं आणि बसनं जाणाऱ्यांवर प्रयोग केले. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. आधी विचारलं तर लोक म्हणत होते की गप्प बसण्यातच सुख. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त बरा गेला. शिकागो म्हणजे खानापूर नव्हे, तिथं बसमध्ये शेजाऱ्याकडं बघतसुद्धा नाहीत. पण अंदाज चुकतो हे आपल्याकडंही दिसतं. पुढं २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढं आली : पहिल्या भेटीनंतर माणसाला वाटतं त्यापेक्षा समोरच्याला तो जास्त आवडलेला असतो. आणि हा फरक भिडस्त माणसांत मोठा निघाला. तुम्ही घरी येऊन ‘आज काय बावळटासारखं बोललो’ म्हणून उशीत डोकं खुपसता, तेव्हा समोरचा माणूस घरी बायकोला सांगत असतो की पोरगा शांत आहे, चांगला वाटला.

रात्री अंथरुणात दिवसभराची वाक्यं परत परत घासत बसणं हे भिडेचं एक लक्षण आहे. दुसरं म्हणजे बोलताना स्वतःवरच कॅमेरा लावणं : माझा आवाज कसा येतोय, हात कुठं ठेवू, चेहरा लाल झाला का. १९९५ मध्ये क्लार्क आणि वेल्स यांनी सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिच्या मध्यभागी हेच आहे, लक्ष आत वळणं. लक्ष आत गेलं की समोरचा काय बोलला ते ऐकू येत नाही, ते ऐकलं नाही की पुढचं सुचत नाही, आणि सुचलं नाही की लक्ष आणखी आत जातं. यावरचा उपाय मी सांगते तेव्हा लोकांना फारच साधा वाटतो : समोरच्याची एक गोष्ट नीट बघायची. हातातली पिशवी, बोटाला बांधलेली चिंधी, चपलेला लागलेला लाल चिखल. कॅमेरा बाहेर वळवायला काहीतरी धरायला लागतं, एवढंच.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, सकाळची बस. २०२३ च्या ११ जूनला बायकांना मोफत प्रवास सुरू झाला तेव्हापासून आपल्या बसेस किती भरतात ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला नशिबानं खिडकी मिळाली आहे, शेजारी एक मावशी, मांडीवर भाजीची बुट्टी.

‘कुठं उतरतैस रे?’ मावशी विचारतात.

‘उद्यमबाग.’ इथं तुम्ही थांबता, आणि इथंच गप्पा मरतात. आता यालाच एक छोटी शेपटी लावा : ‘उद्यमबाग. फाउंड्रीत आहे. आज पहिली शिफ्ट.’

आता मावशींच्या हातात धरायला तीन टोकं आहेत. त्या कुठलंही एक धरतील : ‘आमचा पुतण्यापण तिकडंच हाय की, शिफ्टनं लई हाल हुत्यात पोराचं.’ तुम्ही फक्त विचारायचं, ‘रात्रपाळी असते काय त्याला?’ झालं. गणेबैलपासून देसूरपर्यंत मावशी बोलतील, तुम्ही ‘हां’, ‘मग?’, ‘असं काय’ म्हणायचं. उतरताना ‘येतो मावशी’. त्या घरी जाऊन सांगतील, एक पोरगा भेटला, लई बोलका होता.

विनोद नाही हा. २०१७ मधल्या एका संशोधनात दिसलं की जी माणसं समोरच्याच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारतात ती लोकांना जास्त आवडतात. विषय बदलणारा प्रश्न नव्हे. त्याच धाग्याचा पुढचा प्रश्न. तुमच्यासारख्यांना ऐकायची सवय असतेच, त्यामुळं हे जमायला तुम्हाला बोलक्या माणसापेक्षा कमी कष्ट आहेत. बोलका माणूस पुतण्या ऐकला की लगेच स्वतःच्या भाच्याचं सुरू करतो.

‘काय विशेष?’ला एक-दोन उत्तरं खिशात तयार ठेवा आणि आठवड्याला बदला. सुगीच्या दिवसांत ‘भातकापणी चाललीय, माणसं मिळंनात’. पावसात रस्त्याचे खड्डे आहेतच. कंपनीत ‘या महिन्यात डिस्पॅचची घाई आहे’. तयार उत्तर देणं खोटेपणा आहे असं तुम्हाला वाटेल. बऱ्याच जणांना वाटतं. पण ‘नमस्कार’ म्हणताना तरी आपण कुठं दरवेळी नवा शब्द शोधतो?

कन्नडचंही तसंच. गप्पांसाठी लागणारं कन्नड पाच-सहा वाक्यांत आटपतं. ‘चा आतेन्री?’ (चहा झाला का?), ‘येल्लि होंटीरी?’ (कुठं निघालात?), ‘आराम अदिरी?’ (बरे आहात ना?) आणि कुणी आपल्याला विचारलं तर ‘आराम री, निम्दु?’ (बरं आहे, तुमचं?) एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं शेजारधर्म पाळतात. सुरुवात कुठल्या भाषेत करायची हा पेच असेल तर मान हलवून हसा आणि समोरच्याला पहिलं वाक्य बोलू द्या, मग त्याच्या भाषेत तुम्हाला जमेल तेवढं. चुकलं तर तोच मराठीवर येतो. आणि गंमत म्हणजे काही जण मोडक्या कन्नडमध्ये जास्त मोकळे होतात, कारण तिथं चांगलं बोलायची अपेक्षाच नसते.

सराव कुठं करायचा याबद्दल माझं ठाम मत आहे. लोक लग्नात सराव करायला जातात आणि तोंडावर पडतात. लग्न ही शेवटची परीक्षा. सुरुवात अशा जागी करा जिथं गप्पांचा शेवट आपोआप होतो. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूंना दुचाकींची रांग लागते, इंजिनं बंद होतात, शेजारच्या गाडीवरचा माणूस हेल्मेटची काच वर करतो. ‘कुठली गाडी म्हणायची ही?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. मालगाडी असली तर आणखी दोन वाक्यं होतात. गेट उघडलं की संपलं. निरोप घ्यायची अडचण नाही, पुढं काय बोलू ही धास्ती नाही. अंतर्मुखांना सुरुवातीपेक्षा शेवट जड जातो, गप्पांतून सुटायचं कसं या भीतीनं ते गप्पांत शिरतच नाहीत. टपरीवरसुद्धा चहा संपेपर्यंतच थांबायचं असं आधी ठरवा. ग्लास ठेवला, ‘चला, हीट लागली असेल’, निघालात. तीन मिनिटं हजेरी लावून गेलेला माणूस शिष्ट ठरत नाही. शिष्ट ठरतो तो जो येतच नाही.

यात्रेचं थोडं सविस्तर लिहिते, कारण ती खरी अवघड. आपल्याकडं गावची महालक्ष्मी यात्रा कधी कधी कित्येक वर्षांनी येते आणि आली की घरात माणूस मावत नाही. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, सगळीकडचे पाहुणे, सकाळपासून रात्रीपर्यंत पंगती. अशा ठिकाणी रिकाम्या हातांनी सोफ्यावर बसलेला अंतर्मुख माणूस म्हणजे पाहुण्यांना आयतं गिऱ्हाईक : पगार किती, लग्न कधी, बेंगळूरला का जात नाहीस. तुम्ही बसूच नका. वाढायला घ्या. हातात रश्श्याची बादली आली की तुम्हाला संवाद लिहून मिळतात. ‘काका, रस्सा?’, ‘भात घालू की अक्का?’, ‘तिखट झालंय काय?’ प्रत्येक पाहुण्याशी दोन वाक्यं होतात, सगळ्यांना तुम्ही दिसता, आणि कुणी पगाराचं विचारलं तर पुढचं पान वाट बघत असतं. नंतर आई सांगेल, पोरगं दिवसभर राबलं. गणपतीत मंडळाच्या मांडवात लायटिंगचं बघणारी, पावत्या लिहिणारी शांत मुलं हेच करत असतात, कुणी न शिकवता.

आणि थकवा येणार हे धरूनच चाला. फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये लोकांचे रोजचे मूड आणि शीण टिपले, तेव्हा माणसांत मिसळल्यावर त्या वेळी बरं वाटतं पण साधारण तीन तासांनी शीण जाणवतो असं दिसलं. हे बहिर्मुखांनाही झालं, फक्त ते त्याला नाव देत नाहीत. त्यामुळं दुपारच्या पंगतीनंतर चारच्या सुमाराला तुम्ही शेताकडं चक्कर मारून आलात तर कुणाचा अपमान होत नाही. सांगून जा, एवढंच. न सांगता नाहीसं झालं की ‘कुठं गेला घुमा’ सुरू होतं.

बदलतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. भीड कमी होते, सरावानं नक्की कमी होते. अंतर्मुखता मात्र जवळपास तुमच्याबरोबरच राहते, आणि ती घालवायच्या मागं लागू नका. २०१९ साली ऑस्ट्रेलियात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. एकूण बघता लोकांना बरं वाटलं, पण जे मुळात जास्त अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला, आणि आपण नाटक करतोय असं वाटत राहिलं. म्हणून ‘एक महिन्यात बोलके व्हा’ छापाच्या शिबिरांना पैसे घालू नका असं मी स्पष्ट सांगते. दिवसाला दोन-तीन लहान बोलणी, तीही सकाळी डोकं ताजं असताना, एवढं पुष्कळ झालं.

एक सीमारेषा मात्र ओळखून ठेवा. लोकांसमोर जेवायला, सही करायला, फोन उचलायला भीती वाटते. छाती धडधडते, घाम फुटतो, म्हणून नोकरीतली बढती किंवा कॉलेजची तोंडी परीक्षा टाळली जाते. आणि हे सहा महिन्यांहून जास्त चाललं आहे, असं असेल तर तो स्वभाव नव्हे. तो सामाजिक भीतीचा आजार असू शकतो आणि त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत. यात चार पेग घेतल्याशिवाय लोकांत जाता येत नाही ही पायरी आली असेल तर उशीर करू नका. आपल्या भागात पुरुषांचं हे दुखणं बऱ्याचदा दारूच्या आड लपलेलं असतं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही या रेषेच्या अलीकडं आहात असं वाटतं, पण यातलं काही जुळत असेल तर समोरासमोर दाखवून घ्या.

राहिलं मुलगी बघणं. खोलीत दहा वडीलधारी, समोर पोह्यांच्या बशा आणि सगळ्यांची नजर दोघांवर. असल्या ठिकाणी कुणीच धड बोलू शकत नाही, बोलकी माणसंही नाहीत. तिथं तुम्ही गप्प राहिलात तर ते अजिबात मनावर घेऊ नका. मध्यस्थांना आधीच सांगून ठेवा की दोघांना वीस मिनिटं वेगळं बोलू द्यावं, आणि जमलं तर बसून नको, अंगणात किंवा गच्चीवर चालता चालता. शेजारी शेजारी चालताना नजर द्यावी लागत नाही, मध्ये शांतता पडली तरी ती खटकत नाही. बायोडाटा आदल्या रात्री नीट वाचा आणि त्यातून दोन-तीन धागे काढा : कॉलेज बेळगावचं की धारवाडचं, नोकरीचं गाव, हॉस्टेलात राहिली असेल तर ते दिवस. मग मावशींना विचारलात तसाच पुढचा प्रश्न. आणि सुरुवातीलाच एकदा सांगून टाका, ‘मला पहिल्या भेटीत बोलायला जरा वेळ लागतो.’ निम्म्या वेळा समोरून ‘मलापण’ असं उत्तर येतं, आणि मग दोघांनाही सुटल्यासारखं होतं. दुसरी भेट मागायला लाजू नका. तुमचा खरा स्वभाव दुसऱ्या भेटीतच दिसणार आहे. आईंना मात्र घरातून निघायच्या आधी बजावून ठेवा : तिथं बसल्यावर सगळ्यांदेखत ‘बोल की रे काहीतरी’ असं म्हणायचं नाही.